अडकित्त्यातले यंत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेली बाई यंत्रांवर बोलणार, म्हणून काहीजणी पदराआड हसत आहेत. हसा बापड्या! उन्हाळ्याच्या सुटीत मंडळाच्या खोलीत दहा-बारा मुले जमवून मी जो उद्योग केला, तो सांगा असे चिटणीसबाईंनी फर्मावले, म्हणून उभी राहिले.

सहावीच्या विज्ञानात साध्या यंत्रांचा धडा आहे. आमच्या शेजारची मुलगी तो घडाघडा म्हणे. टेकू मध्ये, एका टोकाला भार, दुसऱ्या टोकाला बल, ही पहिल्या प्रकारची तरफ. पण पुढ्यात कात्री ठेवून ‘यात टेकू दाखव’ म्हटले की गप्प! गुण काठावर. ‘हिच्या डोक्यात शिरत नाही, घरीच बसवू’ असे तिच्या घरी चालले होते. माझी स्वतःची शाळा कशी सुटली ते तुम्हांला ठाऊक आहे. मला स्वस्थ बसवेना.

मी सासूबाईंचा अडकित्ता काढला. सुपारी खिळ्याजवळ धरली तर कटकन फुटते, पात्याच्या टोकाकडे सरकवली तर मोठ्या मुलाचेही हात थरथरतात. मग मोजायला लावले. खिळ्यापासून सुपारी २ सेंटिमीटर, मूठ १२ सेंटिमीटर. म्हणजे हाताचा जोर सुपारीवर सहापट. चिमट्याचे उलटे. त्यात जोर वाचत नाही, जास्तच लागतो. पण बोटे वाचतात, आणि चुलीपाशी तेच हवे असते!

नंतर ३० सेंटिमीटरची पट्टी मधोमध पेन्सिलीवर तोलली. (पेन्सिल सहा कडांची घ्यावी, गोल असली की घरंगळते.) मध्यापासून १२ वर एक रुपया ठेवला. दुसरीकडे दोन रुपये कुठे ठेवावेत? मुलांनी सरकवत सरकवत ६ वर आणले. तीन रुपये हातात घेतल्यावर ही मुलगी ठेवण्याआधीच म्हणाली, ‘काकू, ४ वर.’ ठेवले, पट्टी तोलली गेली. हा नियम आर्किमिडीजने सुमारे २२०० वर्षांपूर्वी मांडला, हे मी त्यानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर तेही पाठ झाले असते.

सगळ्यात मजा काठ्यांची. आपल्या दोन धिप्पाड सभासद (नावे घेत नाही!) समोरासमोर दोन काठ्या धरून उभ्या राहिल्या. एका काठीला दोरी बांधून दोन्हींभोवती वेढे दिले, मध्ये सहा पदर झाले. एका किरकोळ पोराने टोक ओढले आणि दोघी फरपटत जवळ आल्या! तेवढ्यात ‘दोरी हातभर आली आणि काठ्या चारच बोटे सरकल्या’ असे कोणी ओरडले. मला हेच हवे होते. यंत्र फुकट काही देत नाही, जोर वाचला की अंतर वाढते. वेढे फार झाले तर दोरी घासून अडते, तेही पोरांनी करून पाहिले.

विहिरीवरच्या एकट्या कप्पीने तर ओझे हलकेही होत नाही. रद्दीवाल्याचा ताणकाटा लावून पाहिले. वर ओढायचे ते खाली ओढता येते, अंगाचा भार टाकता येतो, एवढेच. सोऱ्याचे मळसूत्र म्हणजे गुंडाळलेली उतरण. कागदाचा तिरपा त्रिकोण पेन्सिलीला गुंडाळा, लगेच दिसेल.

रुपयांचा प्रयोग त्या मुलीच्या आईने दारातून पाहिला होता. ‘सातवी करू दे, मग बघू’ असे आता घरात म्हणतात. सातवीवर थांबू देणार नाही, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. त्यांचे माझे बोलणे चालू आहे.

येत्या सुटीत वर्ग पुन्हा घ्यायचा आहे. जुना सोऱ्या, अडकित्ता, मोडकी रहाटाची कप्पी जे असेल ते आणून द्यावे. वर नाव घालावे, म्हणजे ज्याचे त्याला परत करता येईल.