काट्यावरचा माणूस बोलेल कसा?



कारखान्याची काटामारी बांधावरून दिसत नाही. ती दिसते काट्यावर बसलेल्या कारकुनाला. खेपेमागं दोन क्विंटल मारले की पाचशे खेपांत शंभर टन ऊस गेला. कारकुनाला हे ठाऊक असतं. पण त्याला पोरंबाळं आहेत, आणि त्याची नोकरी संचालकांच्या हातात आहे.

सत्येंद्र दुबे हा महामार्गाच्या कामावरचा इंजिनिअर. कामातला भ्रष्टाचार त्यानं थेट पंतप्रधानांना कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणाला. पत्र नावासकट खात्याखात्यांत फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्याला गोळी घातली. सीबीआयनं लुटारूंचं काम म्हणून सांगितलं. पण नाव का फुटलं? 2014 साली संसदेनं अशा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, राष्ट्रपतींची सही झाली, अंमल मात्र सुरू केला नाही. सरकारला घाई होते ती निर्यातबंदीची.

तेव्हा वार्षिक सभेत ठराव मांडा. मापाची तक्रार करणाऱ्या कामगाराची बदली किंवा बडतर्फी सभेपुढं आल्याशिवाय होणार नाही. सभासद आहात, मागायचा हक्क आहे.

आणि कारकून तुमच्यापाशी बोललाच, तर त्याचं नाव चावडीवर नेऊ नका. पुरावा आपला काढा. गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोला, दोन्ही पावत्या जोडून वैधमापन निरीक्षकाकडं लेखी तक्रार द्या. खाली सह्या शंभर जणांच्या असू द्या. एकट्याची सही असली, की त्याच्या उसाला तोड कधी मिळते हे तुम्हाला सांगायला नको.