फुलपाखराच्या पंखातून कर्करोगाच्या औषधाकडे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही आज एका रसायनशास्त्रज्ञाची हकिकत सांगणार आहे. कारण "हे शिकून मिळणार काय?" हा प्रश्न पालक मला दरवर्षी विचारतात.

एडवर्ड सी. टेलर हे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक होते. १९४६ च्या सुमारास, विद्यार्थी असताना, त्यांच्या वाचनात एक नवलाची गोष्ट आली. फुलपाखराच्या पंखातील रंगद्रव्यात अणूंची जी जोडणी असते, तीच यकृतात सापडणाऱ्या एका जीवनसत्त्वातही आहे. ते जीवनसत्त्व म्हणजे फॉलिक आम्ल.

ह्या जीवनसत्त्वाचा माग प्रथम आपल्या मुंबईत लागला होता. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ पासून येथे गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करीत होत्या. गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत निकस आणि हा आजारही त्यांच्यातच जास्त, असे त्यांना आढळले. यीस्टचा अर्क दिल्यावर रोगी स्त्रिया सुधारू लागल्या. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य फॉलिक आम्ल होते, हे पुढे कळले.

एका पेशीच्या दोन पेशी होताना फॉलिक आम्ल लागतेच. कर्करोगाच्या पेशी तर भराभर वाढतात. मग फॉलिक आम्लासारखाच दिसणारा, पण त्याचे काम न करणारा पदार्थ दिला तर? कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी, तशी पेशीची वाढ अडते. आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने असे औषध बनवले. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले, तेव्हा काहींचा आजार काही काळ हटला.

टेलर यांनी हीच वाट धरली. १९५४ साली ते प्रिन्स्टनला आले. पुढे एली लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांसोबत त्यांनी पेमेट्रेक्सेड हे औषध घडवले. पेशीतील निदान तीन विकरांना ते अडवते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगावर त्याला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तेव्हा टेलर ८० वर्षांचे होते!

हे औषध म्हणजे जादू नव्हे. त्याने रुग्णाचे आयुष्य वाढते, पण निरोगी पेशींनाही इजा पोहोचते. ती कमी व्हावी म्हणून रुग्णाला सोबत बी-१२ आणि फॉलिक आम्ल देतात. मुंबईच्या त्या गरोदर बायांच्या उपयोगी पडलेले तेच फॉलिक आम्ल!

"मिळणार काय?" याचे उत्तर पैशातही देता येते. ह्या औषधाच्या स्वामित्वधनातून मुख्यत्वे प्रिन्स्टनची रसायनशास्त्राची नवी इमारत उभी राहिली. ती २०१० साली सुरू झाली. परंतु फुलपाखरावरचा लेख वाचणाऱ्या त्या विद्यार्थ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका हुशार मुलीला मीच सांगितले होते, "बेटी, सायन्स अवघड आहे, खर्चही फार, तू आर्ट्स घे." तिने माझे ऐकले. तो सल्ला चुकीचा होता. पालकहो, निकालाच्या दिवशी तुमच्या मुलीने वा मुलाने विज्ञानाचे नाव काढले, तर मी केली ती चूक तुम्ही करू नका.