व्यसन सुटले, आता कामाचे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपण पंचशील ग्रहण करतो. पाचव्या शिलावर भाषणेही पुष्कळ होतात. १९५६ साली नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा व्यसन वाईट, हे मी आज सांगत बसणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि पिणाऱ्यालाही माहीत आहे. मला बोलायचे आहे ते व्यसन सुटल्यानंतरच्या दिवसांवर. सुटलेल्या माणसाला काम कोण देतो? आणि जिच्या हातात रोग्याचा जीव असतो, त्या नर्सला कोण देतो?

नर्सचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. आपल्या मुली नर्सिंग शिकतात. कुणी मुंबईच्या इस्पितळात लागते, कुणी आखातात जाते, कुणी पार अमेरिकेला. आपण म्हणतो, पोरगी मार्गी लागली. पण त्या कामाची दुसरी बाजू आपण बघत नाही. लांबलचक पाळ्या, रोगी उचलून उचलून गेलेली कंबर, झोपेचे खोबरे, आणि मॉर्फिन, पेथिडीन, फेंटानिल ही वेदना मारणारी औषधे रोज हाताखाली. त्यातून एखादी घसरते. औषधाचे ज्ञान आहे म्हणून व्यसन लागत नाही, असे काही नाही बरे का! उलट ज्ञान असणाऱ्याला वाटते, मला सगळे कळते, मला काय होणार?

यात नुकसान तिच्या एकटीचे नसते. रोग्याच्या नावाने काढलेले इंजेक्शन तिने स्वतः घेतले, तर तो रोगी वेदनेत तळमळत राहतो. म्हणून शिस्त पाहिजेच. प्रश्न एवढाच की, शिस्त म्हणजे कायमची हकालपट्टी काय?

अमेरिकेत या गोष्टीचा विचार बराच झाला आहे. तिथल्या नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेने १९८२ साली ठराव केला, की व्यसनात सापडलेल्या नर्सला आधी उपचाराची संधी मिळावी. तिथे लायसन देते ते त्या त्या राज्याचे नर्सिंग बोर्ड. नर्स वेळेत स्वतःहून पुढे आली, तर बऱ्याच राज्यांत तिला उपचार आणि देखरेखीच्या योजनेत घेतात, प्रकरण गुप्त ठेवतात. तक्रार होऊन कारवाई झाली, तर लायसन पुष्कळदा प्रोबेशनवर येते, म्हणजे अटींवर. आणि त्याची नोंद कुणालाही बघता येते.

अटी काय असतात, ऐका. रोज चौकशी करायची, आज आपली लघवी तपासायची पाळी आहे का? असली तर त्याच दिवशी जायचे. तपासणीचा खर्च स्वतःच्या खिशातून. व्यसनमुक्तीच्या सभांना हजेरी. पुष्कळ ठिकाणी सुरुवातीचे काही महिने गुंगीच्या औषधांच्या कपाटाची चावी हातात नाही. एकटीने घरोघर जाऊन शुश्रूषा करायची नाही. रात्रपाळी आणि ओव्हरटाइमलाही अनेकदा मनाई. वरिष्ठाने बोर्डाचा हुकूम वाचून सही करायची आणि तिच्या कामाचा अहवाल ठरल्या मुदतीने पाठवायचा.

आता यातली मेख बघा. काही राज्यांत ती नर्स म्हणून प्रत्यक्ष काम करील, तेव्हाच अट पुरी झाली असे धरतात. म्हणजे काम नाही तर प्रोबेशन संपत नाही, आणि प्रोबेशन आहे म्हणून काम कुणी देत नाही! गिरणीतल्या जुन्या माणसांना हे समजावून सांगायला नको. बदली कामगार रोज गेटवर उभा. दिवस भरले तर कायम होणार. पण दिवस भरायला आत घेणार कोण?

तरीही तिथल्या नर्सेस वाट काढतात. ती कशी, हे शिकण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, जिथे गुंगीची औषधे कमी किंवा नाहीतच, अशा जागा त्या शोधतात. डायलिसिस केंद्र, प्लाझ्मा गोळा करणारी केंद्रे, मनोरुग्णांची इस्पितळे, विमा कंपनीत रोग्यांचे कागद तपासण्याचे काम. काही जणी व्यसनमुक्ती केंद्रातच लागतात. तिथे त्यांचा भूतकाळ अडचण न होता अनुभव ठरतो. दुसरी गोष्ट, लपवायचे नाही. मुलाखतीत आपणहून, थोडक्यात, न रडता सांगायचे: काय झाले, उपचार कुठे घेतला, किती दिवस स्वच्छ आहे, कोणत्या अटी आहेत, कोणते काम मला करता येणार नाही. सोबत तपासणीचे निकाल आणि उपचार करणाऱ्यांचे पत्र. तिसरी, नकार मोजायचे नाहीत. वीस दारे बंद झाली तरी एकविसावे ठोठवायचे. १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्याने व्यसनातून बाहेर पडलेल्यांना तिथे काही संरक्षण आहे, पण ते सध्या अमली पदार्थ घेणाऱ्याला नाही. कायद्याने दार किलकिले होते. आत घेणारा माणूसच लागतो.

बंधुभगिनींनो, हे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. आपल्या विनयपिटकात ही व्यवस्था फार आधीची आहे. तिला परिवास म्हणतात. एखाद्या भिक्खूने ठराविक गंभीर दोष केला आणि लपवला, तर जितके दिवस लपवला तितके दिवस परिवास. त्या काळात शेवटचे आसन घ्यायचे, आलेल्या भिक्खूंना आपली स्थिती स्वतः सांगायची, कुणाला दीक्षा द्यायची नाही. त्यानंतर सहा रात्रींचे मानत्त. मग वीस भिक्खूंचा संघ जमून त्याला पुन्हा पूर्ववत सामावून घेतो. बघा, अट आहे, मुदत आहे, आणि शेवटी परत घेण्याची रीतही आहे. नुसती अट ठेवली आणि परत घेतलेच नाही, तर तो धम्म नव्हे, तो बहिष्कार. आणि बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अंगुलिमालाची कथा सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात ती घेतली आहे. पण पाली सुत्तातला एक भाग आपण विसरतो. भिक्खू झाल्यावरही तो भिक्षेला गेला की लोकांचे दगड लागत, डोके फुटे. बुद्धांनी त्याला सहन करायला सांगितले, पण संघातून काढले नाही. त्याच अंगुलिमालाच्या सत्यवचनाने अडलेल्या बाळंतिणीची सुटका झाली, असेही तिथे सांगितले आहे. ज्या हातांची भीती होती, त्यांच्याकडूनच शुश्रूषा घडली.

आता आपल्या वस्तीचे बोलू. उपचाराच्या सोयी आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून काम करते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आपल्या शहरांतही भरतात, त्याला फी नाही. पण तिथून परत आलेला वॉर्डबॉय, ड्रायव्हर, आया किंवा सिस्टर आपल्याच गल्लीत येते, आणि आपण काय करतो? कानाशी लागतो. बाई असली तर दुप्पट.

माझ्या समितीला चार सूचना आहेत. एक, "सुटली का?" असे विचारण्याऐवजी "काम मिळाले का?" असे विचारा. दोन, समितीतली दोन जबाबदार माणसे त्याच्याबरोबर मालकाकडे जाऊ द्या. खरे सांगा, खोटी हमी देऊ नका. तीन, अटी तोंडी नकोत. काय करायचे, काय नाही, किती महिने, हे कागदावर लिहा. सुरुवातीला पैशाची किंवा औषधाची चावी देऊ नका, पण काम द्या. चार, मुदत संपली की त्याला सर्वांसमोर पूर्ववत माना. त्यानंतर जुना विषय कुणी काढायचा नाही. आणि पाय पुन्हा घसरला, तर लपवू नका, त्याच दिवशी उपचाराला न्या. रोग्याचा आणि प्रवाशाचा जीव आधी.

शील घेणारा उभा राहतो, तेव्हा संघही त्याच्या शेजारी उभा असतो. वंदनेच्या वेळी आपण उभे राहतोच. नोकरीच्या दारातही तसेच उभे राहू या, एवढी विनंती करून माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!