कायद्याचे रखवालदार



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अध्यात्म या विषयांवर अधिकाराने बोलणारी माणसे येतात. आम्ही पडलो किराणा दुकानदार. आमची विद्या तराजूपुरती. तरीही संयोजकांनी आम्हांला उभे केलेच आहे, तेव्हा तराजूतलीच गोष्ट आपल्यापुढे मांडतो. ज्या प्लॅस्टिकबंदीविरुद्ध आम्ही व्यापाऱ्यांनी २०१८ पासून कुरकुर केली, तिचे रक्षण आता आम्ही व्यापाऱ्यांनीच केले पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नाले तुंबण्याच्या कारणांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे नाव पुढे आले आणि पुढल्याच वर्षी, २००६ साली, राज्याने कुजत नसलेल्या कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. त्याच कायद्याच्या आधारे २३ मार्च २०१८ ची अधिसूचना निघाली. कॅरीबॅग, थर्माकोलची ताटे, प्लॅस्टिकचे पेले व चमचे यांचे उत्पादन, विक्री, साठवण आणि वापर यांवर बंदी आली. दंड पहिल्या खेपेस ५,००० रुपये, दुसऱ्या खेपेस १०,०००, आणि तिसऱ्या खेपेस २५,००० रुपये व तीन महिने कैद. कारखानदार उच्च न्यायालयात गेले, पण बंदीला स्थगिती मिळाली नाही. २३ जूनपासून अंमल सुरू झाला. तो आठवडाभर चालतो न चालतो तोच किराणा दुकानदारांच्या मागणीवरून सुट्या मालाच्या पुड्यांना सवलत मिळाली. पुढेही काही सवलती आल्या. कायदा रद्द कोणी केला नाही, पण त्याच्या भिंतीला भोके पडत गेली, आणि ती पाडण्यात आमचाही हात होता.

आता आमचीच गोष्ट सांगतो. सांगावयास संकोच वाटतो, पण इथे बसलेल्या कित्येकांना ती ठाऊकच आहे. त्या जूनमध्ये पहिले पंधरा दिवस आम्ही कॅरीबॅग बंद केली. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येई, पिशवी नाही म्हणताच पलीकडच्या दुकानाकडे वळे आणि तिथे गल्ल्याखालून पिशवी निघे. सोळाव्या दिवशी आमच्याही गल्ल्याखाली पिशव्या आल्या. त्या दिवशी आम्ही मनाशी म्हटले, कायदाच खोटा. वास्तविक खोटे आम्ही होतो, आणि शेजाऱ्याच्या खोटेपणाने आमचा खोटेपणा सोपा केला होता.

मंडळी, आपले गाव जंक्शनचे. पूर्णेहून अकोल्याकडे जाणारी मीटरगेज लाइन जाऊन तिथे रुंद रूळ आले, हे आपण डोळ्यांनी पाहिले. एखाद्या गार्डाने मनात आणले म्हणून त्याचा एकट्याचा डबा रुंद चाकांवर धावला असता काय? सगळा मार्ग बदलला तेव्हाच गाडी सुटली. व्यापाराचेही तसेच आहे. एकट्या दुकानदाराने पिशवी बंद केली तर तो गिऱ्हाईक गमावतो. साऱ्या बाजाराने एकाच दिवशी बंद केली तर कोणाचेच गिऱ्हाईक जात नाही. साऱ्या बाजाराला एकाच रुळावर आणण्याचे काम कायद्यावाचून होत नाही. मापात मारणाऱ्या दुकानदाराला शिक्क्याच्या वजनाची अडचण वाटते. चोख मापाच्या दुकानदाराला त्याच शिक्क्याचे संरक्षण असते.

व्यापाऱ्यांनी असा कायदा राखला याचे उदाहरण परदेशात घडले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००६ साली हवामानाचा कायदा केला. हवा तापविणाऱ्या वायूंचे उत्सर्जन २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर आणावयाचे, असा त्याचा संकल्प. २०१० साली मंदी होती, बेकारी शेकडा १२ च्या आसपास होती. टेक्सासमधील तेलशुद्धीकरण कंपन्यांनी पैसा ओतला आणि मतदारांपुढे प्रस्ताव ठेवविला, की बेकारी सलग चार तिमाह्या साडेपाच टक्क्यांवर किंवा त्याखाली राहीपर्यंत कायदा तहकूब ठेवावा. ऐकावयास किती दयाळू! पण इतकी कमी बेकारी इतका काळ क्वचितच टिकते. तहकुबी म्हणजे जवळजवळ मूठमातीच होती. तेव्हा त्या राज्यातले व्यापारी व भांडवलदार उठले. कायदा टिकेल या भरवशावर त्यांनी नव्या धंद्यांत पैसा घातला होता. जॉर्ज शुल्ट्झ यांच्यासारखे उद्योगांच्या बाजूचे मानले जाणारे ज्येष्ठ राजकारणी विरोधाच्या मोहिमेचे सहअध्यक्ष झाले. नोव्हेंबर २०१० च्या मतदानात शेकडा ६१ हून अधिक मतांनी प्रस्ताव पडला, आणि १९९० ची पातळी त्या राज्याने २०१६ सालीच, चार वर्षे आधी, गाठली.

कोणी म्हणेल, कुठे कॅलिफोर्निया आणि कुठे पूर्णेची कॅरीबॅग! पण प्लॅस्टिकचा जन्म खनिज तेलातून आणि वायूतूनच होतो. ते घडविताना हवा तापते आणि उकिरड्यावर जाळताना विषारी धूर निघतो. हवामान बिघडले की त्याची झळ आमच्या वहीत उमटते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. एखाद्या वर्षाचा सगळा दोष हवामानबदलाच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. पण शेतकऱ्याचे सोयाबीन गेले की आमची उधारी बुडते, हे सांगावयास शास्त्र लागत नाही.

आमच्या तक्रारीही खोट्या नाहीत. पथक येते ते भाजीच्या हातगाडीवर आणि छोट्या दुकानावर, पिशव्यांची गोणी पाठविणारा ठोक विक्रेता मात्र नामानिराळा राहतो. बंदीने काहींचे कारखाने बसले, कामगारांचे हाल झाले, हेही खरे. याची दाद मागितलीच पाहिजे. पण ती मागताना कायदा सैल करा असे म्हणू नये. कायदा वरपासून लावा, कारखान्याच्या दारापासून लावा, आणि ज्यांचा रोजगार गेला त्यांना दुसरे काम द्या, अशी आमची मागणी असावी.

मग करावयाचे काय? आम्ही चार गोष्टी सुचवितो. पहिली, गावातील सर्व दुकानदारांनी एकच दिवस ठरवून कॅरीबॅग बंद करावी, आणि त्या दिवसापासून कोणीही गल्ल्याखाली ठेवू नये. दुसरी, महिला बचत गटांकडून कापडी पिशव्या शिवून घ्याव्या. गिऱ्हाइकाने अनामत ठेवून पिशवी न्यावी, परत आणली की पैसे घ्यावे. तिसरी, लग्नकार्यात पळसाच्या पत्रावळी व द्रोण पुन्हा आणावे. चौथी, सवलतीचे निवेदन सहीला आले की आधी विचारावे, यात फायदा गावाचा की पिशवीवाल्याचा? आणि आपणा श्रोत्यांकडे एक मागणे आहे: घरून निघताना पिशवी घ्या. आपण रिकाम्या हाताने आलात की आमचा निश्चय डळमळतो.

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा आपल्या गावाला नाव देऊन पुढे गोदावरीला मिळते. वाटेत ती जे घेते ते सारे गंगामाईच्या पदरात टाकते. आपण तिच्या हाती काय देतो, याचा हिशेब व्यापाऱ्याने तरी चोख ठेवावयास हवा. कायद्याची रखवाली म्हणजे हाच हिशेब.