मांजरा आणि कोयता



पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात मांजरा उगम पावते आणि पूर्वेची वाट धरते. त्याच डोंगरातली माणसं दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड बांधून बहुतेक पश्चिमेला निघतात, ऊसतोडीला. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

उगमाकडे मांजरा ओढ्याएवढीच. केज तालुक्यात धनेगावला धरण झालं आणि तिला भाव आला. धरण आपल्या बीड जिल्ह्यात. पाणी केज, अंबाजोगाई, कळंबलाही मिळतं, पण मोठी तहान लातूरची. शहर, एमआयडीसी आणि काठावरचा ऊस. विलासनगरच्या साखर कारखान्याला तर नावच 'मांजरा'. उसाला मी नावं ठेवत नाही. तूर-सोयाबीनचा भाव कधी पडेल याचा नेम नाही. ऊस निदान कारखाना उचलतो. पण तो वर्षभर रानात उभा राहून पाणी पितो. 2015-16 च्या हंगामात दुष्काळातही मराठवाड्यात गाळप झालंच, आणि एप्रिल 2016 मध्ये धरण कोरडं पडल्यावर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाणी सुमारे पाच लाख लिटर.

खाली तेलंगणात हीच नदी निजामसागर भरते, हैदराबादला पाणी पाजते. पाटणचेरूच्या औषध कारखान्यांचं सांडपाणीही नक्कावागू ओढ्यातून तिच्यातच आलं. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

आणि उगमाकडची माणसं? मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या थंडीत नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि अरुंद फळीवरून तोल सांभाळत ट्रॉलीत चढते. अंगात ताप असो की पोटात दुखो, खाडा झाला की पैसे कापले जातात. उचल फिटली नाही, तर पुढचं वर्षही त्याच मुकादमाकडे.

धरण भरलं की जलपूजनाला पुढाऱ्यांची रीघ लागते. लागू द्या. पण धरणाच्या पाण्यावरचा ऊस ठिबकवरच घ्यायला लावा, आणि पाटोद्याकडच्या पाझर तलावांतला गाळ पावसाळ्याआधी काढा. रब्बीची ज्वारी पदरात पडेल एवढं पाणी गावात राहिलं, तर काही घरं तरी यंदा उचल घेणार नाहीत.