दारात हत्ती बांधण्याआधी



गेल्या दोन महिन्यांत तीन घरांतून एकच प्रश्न आला. पहिला घुब्रातून, दुसरा सोहारहून आणि तिसरा सलालाहून, तोही ताईंचा, "यांना तुम्हीच काय ते समजवा" अशा सुरात. प्रश्न असा, की इतकी वर्षं कोरोला, सनी, अल्टिमा चालवली, आता एक चांगली, जरा जोरकस, मोठी सेडान घ्यावीशी वाटते. 5 सिरीज, ई-क्लास, ऑडी ए6, नाहीतर लेक्सस. नवी घ्यावी की जुनी?

हौसेला मी नावं ठेवणार नाही. ड्रम टेस्टमध्ये तीनदा नापास होऊन लायसन्स मिळवलेल्या माणसाला आपल्या पैशानं चांगली गाडी चालवायचा पूर्ण हक्क आहे, आणि त्या माणसांत मीही आलो. शिवाय हिशेबही मोह पाडणारा आहे. भारतात ज्या पैशात नवी फॉर्च्युनर येते, त्याच्या निम्म्यात इथे चार वर्षांची जर्मन सेडान दारात उभी राहते. पेट्रोल 95 चा भाव 2021 च्या अखेरीस लिटरला कमाल 239 बैशांवर बांधला गेला, त्या भावानं सत्तर लिटरची टाकी सोळा-सतरा रियालांत भरते. बाउशरहून आमरातकडे जाणारा घाट किंवा मत्रहवरून अल बुस्तानकडे उतरणारा वळणांचा रस्ता अशा गाडीतून एकदा केला, की माणूस बिघडतो. मी बिघडलो होतो.

2017 ची गोष्ट. 2014 चं मॉडेल, पांढरी, आत तपकिरी चामडं, सनरूफ. जाहिरातीत 7,200 रियाल. तीच गाडी, त्याच वर्षाची, ओमानमधल्या एजन्सीनं विकलेली असेल तर मालक अकरा हजारांच्या खाली बोलत नव्हते. मी विचारलं, इतकी स्वस्त का? विकणारा सरळ म्हणाला, "वारिद अमेरिका." म्हणजे अमेरिकेतून आणलेली. "तिकडे छोटासा अपघात, फक्त बंपर." मी बंपर बघितला, छान होता. चक्कर मारली, गाडी लोण्यासारखी चालली. घरी येऊन मी शेजाऱ्यांना पेढे वाटले.

गावाकडे आमचे आजोबा म्हैस घ्यायला बाजारात जायचे तेव्हा दात बघायचे, कास बघायची, स्वतः धार काढून बघायचे आणि गेल्या वेतात काय झालं ते मालकाच्या शेजाऱ्याला विचारून यायचे. निझवाच्या शुक्रवारच्या बकरी बाजारातही गिऱ्हाईक गोल फिरणारी बकरी थांबवून तिचं तोंड उघडून बघतो. आणि मी इंजिनिअर माणूस सात हजार रियाल देऊन चामड्याचा रंग बघून आलो.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही खरीफ बघायला सलालाला गेलो. मस्कतहून हजारेक किलोमीटर. ही पुढच्या सीटवर, दोन्ही मुलं मागे. पुढच्या वर्षी जूनमध्ये एसीच्या ब्लोअरमधून खडखड यायला लागली म्हणून वादी कबीरच्या एका गॅरेजात गाडी नेली. मेकॅनिक मल्याळी, वयानं मोठा, कमी बोलणारा. त्यानं ग्लोव्ह बॉक्स काढला, वर हात घातला, थांबला आणि मला म्हणाला, "सर, इकडे या." टॉर्च दाखवून आत बघायला लावलं. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग जिथे असायला हवी तिथे फोमचा तुकडा कोंबलेला होता. वायरच्या टोकाला एक छोटासा रेझिस्टर लावलेला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटावं की एअरबॅग जागेवर आहे. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा त्यामुळे रोज सकाळी शहाण्यासारखा लागायचा आणि विझायचा. ही त्या सीटवर चौदा महिने बसली होती.

घरी येऊन मी आधी पाणी प्यायलो आणि मग जे सात हजार देण्याआधी करायला हवं होतं ते केलं. गाडीचा सतरा अक्षरांचा चॅसिस नंबर, म्हणजे व्हिन, इंटरनेटवर टाकला. पाच मिनिटांत अमेरिकेतल्या लिलावाचे फोटो समोर. पुढचा भाग चेचलेला, दोन्ही एअरबॅगा फुटून लोंबत असलेल्या. शेजारी शब्द होता साल्व्हेज. म्हणजे तिकडच्या विमा कंपनीनं ही गाडी दुरुस्त करण्याच्या लायकीची नाही असं ठरवून भंगाराच्या भावात काढली होती.

सगळ्या आयात गाड्या अशाच असतात असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेत चांगल्या स्थितीतल्या गाडीला तिथेच चांगला भाव मिळतो. जहाजाचं भाडं, कस्टम, दुरुस्ती, मधल्या दोघातिघांचा नफा, एवढं सगळं होऊनही ती आपल्याला इथल्या गाडीपेक्षा तीस-पस्तीस टक्के स्वस्त पडत असेल, तर ती तिकडे केवढ्याला गेली असेल? हा त्रैराशिकाचा हिशेब मी सातवीत शिकलो होतो.

म्हणून जाहिरात वाचताना पहिला शब्द शोधा तो 'वकाला'. वकाला ओमान म्हणजे इथल्या अधिकृत एजन्सीनं विकलेली. 'खलीजी' म्हणजे आखाती देशांसाठी बनवलेली, पण ती दुबईतून आलेली असू शकते. 'वारिद' म्हणजे बाहेरून आणलेली. लिहिलेलं नसेल तर गाडीच सांगते. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतं, त्यावर अमेरिकेच्या सुरक्षा नियमांचा उल्लेख दिसला की समजायचं. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना पिवळसर नारिंगी आणि मागे लाल छोटे बाजूचे दिवे असतील तर तीही अमेरिकी खूण. व्हिन मात्र काचेखालचा, दाराचा आणि मुल्कियावरचा, तिन्ही जुळवून बघा आणि इंटरनेटवर शोधाच. इतिहासाचा अहवाल थोड्या डॉलरांत विकत मिळतो. तेवढे पैसे वाचवू नका. एअरबॅगचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागलाच नाही तर तिथूनच उठा. पण लागून विझला म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच नाही. माझ्या अनुभवातून तेवढं घ्या.

वकाला गाडीलाही एक प्रश्न विचारायचाच: पाण्यात गेली होती का? आपल्याकडे 2007 च्या जूनमध्ये गोनू आलं तेव्हा कुरुममध्ये गाड्या तरंगत होत्या. 3 ऑक्टोबर 2021 ला शाहीननं सुवैक, खाबुरा, मुसन्नाचा पट्टा बुडवला. 16 एप्रिल 2024 ला दुबईत काय झालं ते तर सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. त्या गाड्या नंतर धुऊन पुसून कुठेतरी विकल्याच गेल्या. साधी गाडी पाण्यात गेली तर वाळवून चालते तरी. या महागड्या सेडानची बरीच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल्स सीटखाली नाहीतर डिकीत असतात. ती आज चालतात आणि सहा महिन्यांनी एकेक करून रुसतात. बघायचं असं: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, मुळाशी चिखलाची रेघ आहे का. डिकीतला गालिचा उचला. सीटच्या रुळांना गंज आहे का. आणि एसी लावायच्या आधी दारं बंद करून पाच मिनिटं आत बसा, नाक सांगेल. अत्तराची बाटली टांगलेली असेल तर ती बाहेर ठेवून बसा!

आता गाडी चांगली मिळाली असं धरू. विकत घेताना किंमत निम्मी होते, पण सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाचे राहतात. हे लोक विसरतात. आठ हजारांची जुनी गाडी ही मुळात वीस-बावीस हजारांची गाडी आहे आणि तिचा पाण्याचा पंप त्या हिशेबानंच येतो. माझ्या आताच्या गाडीला पंप आणि थर्मोस्टॅट घातला तेव्हा एजन्सीनं 310 रियाल सांगितले होते, बाहेर घालामध्ये तेच काम 190 ला झालं. चार टायर 340. ते रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे, त्यामुळे डिकीत स्टेपनी नाही. मस्कत शहरात याचं काही वाटत नाही. पण आदमच्या पुढे हैमा, किटबित, थुमरैत, मधल्या पट्ट्यात दोन पंपांमधलं अंतर बघा आणि मग स्टेपनी नसलेली गाडी मुलाबाळांसह तिकडे न्यायची का ते ठरवा. आम्ही आता मोठ्या प्रवासाला भाड्यानं लँड क्रूझर घेतो. जबल अखदरला सेडान तशीही चालत नाही, बिरकत अल मौझच्या चौकीवरून पोलीस परत पाठवतात.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी पाच वर्षांवरचा टायर आपल्या उन्हात घेऊ नका. ऊन प्लास्टिक खातं, रबर खातं, बॅटरी दोन-तीन वर्षांत खातं. ताकाता कंपनीच्या एअरबॅगांचं जगभर जे प्रकरण झालं, त्यातही दारूगोळा बिघडवणारी जोडगोळी उष्णता आणि दमट हवा हीच होती, आणि मस्कतच्या किनाऱ्यावर दोन्ही मुबलक. साधारण 2002 ते 2015 मधली कुठलीही गाडी असेल तर एजन्सीला व्हिन देऊन रिकॉल बाकी आहे का ते विचारा. ते काम फुकट होतं.

मग नवीच का घेऊ नये? घ्या, पण व्हिसाकडे बघून. आपली लेफ्ट हँड ड्राइव्ह गाडी भारतात नेता येत नाही. ती इथेच विकायची, आणि बहुतेक वेळा घाईत विकायची, कारण नोकरी संपल्यावर आपल्या हातात दिवस मोजकेच असतात. अशी नवी गाडी तीन-चार वर्षांत साधारण निम्म्यावर येते. तो उतार तुम्ही सोसायचा की तुमच्या आधीच्या मालकानं, एवढाच खरा प्रश्न. इथे दहा वर्षं नक्की राहणार, कर्ज नाही, धाकट्याची इंजिनिअरिंगची फी बाजूला ठेवलेली आहे, असं असेल तर रमजानच्या ऑफर्सची वाट बघून नवी घ्या. तेव्हा विमा, रजिस्ट्रेशन, सर्व्हिस पॅकेज पदरात पाडून घेता येतं. आणि एकटे जाऊ नका. औरंगाबादच्या मंडळींनी ऑक्टोबर 2010 मध्ये दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, पासष्ट कोटींच्या, आणि कंपनी व बँक दोघांनाही भाव कमी करायला लावला. आपण दीडशे नाही, पण तिघं मिळून शोरूममध्ये गेलो तरी खुर्ची लवकर मिळते.

बाकी सगळ्यांना माझं मत: तीन ते पाच वर्षांची, वकाला ओमान, एकाच मालकाची, एजन्सीच्या सर्व्हिसच्या नोंदी असलेली. कंपनीची वॉरंटी उरली असेल तर ती तुमच्या नावावर होते का ते आधी लेखी विचारा. कमी कटकट हवी असेल तर लेक्सस. जीएस 2020 मध्ये बंद झाली, पण जुनी चांगली मिळाली तर सोडू नका. जर्मन गाडी चालवायला जास्त गोड, हे मी लेक्ससवाल्यांसमोरही म्हणतो. सनरूफ, आवाज करणारा सायलेन्सर, बदललेली चाकं असली तरुणाची गाडी मात्र नको. मॉडिफिकेशनवर पोलीसही डोळा ठेवून असतात.

कागदांचं थोडक्यात. मुल्किया म्हणजे गाडीचा सातबारा. त्यावर बँकेचा बोजा आहे का ते बघा. बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, म्हणून पैसे आधी देऊ नका. दंड बाकी आहेत का ते आरओपीकडे तपासा, विमा आपल्या नावाचा काढा, मग ट्रान्सफर.

माझ्या पांढऱ्या गाडीचं काय केलं, असं मला नेहमी विचारतात. आपल्यातल्याच एकानं सुचवलं होतं, "तुला जशी मिळाली तशी विक, कोण बघतंय?" खरं सांगतो, दोन रात्री मी त्याचा विचार केला. साडेपाच हजार तरी आले असते. मग ही म्हणाली, "त्या सीटवर कोण बसेल?" सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला 1,900 रियालांना दिली.

वर्षभर टिडा चालवली. 2019 मध्ये घुब्रातलं एक कुटुंब कायमचं पुण्याला परत निघालं, त्यांची 2016 ची गाडी घेतली, वकाला, 8,800 ला. काकांनी किल्लीबरोबर एक जाड फाइल दिली. पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं, आणि एका कागदावर त्यांच्या अक्षरात: "डावं मागचं दार, लुलूच्या पार्किंगमध्ये घासलं, रंग दिला आहे." ती फाइल आता आमच्या कपाटात आहे. मागच्या आठवड्यात तिच्यात बॅटरीचं बिल लावलं.

पुढच्या शुक्रवारी विम्याबद्दल बोलू. नमस्कार.