घराजवळून निघणारी वाट



कॅलिफोर्नियातील या मराठी शाळेने आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनासाठी स्वतःच्याच एका माजी विद्यार्थिनीला, आणि तेही हायस्कुलात सामाजिक शास्त्रे शिकवणारीला, प्रमुख पाहुणी म्हणून बोलावले, यामागील संयोजकांची अपेक्षा स्पष्ट आहे. संगणक आणि वैद्यक यांपलीकडे पाहणाऱ्या मुलामुलींना शिक्षकी पेशाची वाट कोणीतरी नीट उलगडून सांगावी, ही ती अपेक्षा होय. या वाटेचा पहिला टप्पा म्हणजे ट्रान्सफर पदवी. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे सर्वांना प्रवेश खुला असलेल्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयात, पहिली दोन वर्षे पूर्ण केल्यावर मिळणारी आणि विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाचे दार उघडणारी ही सहपदवी आहे.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. हायस्कुलांना बारावीनंतरचे वर्ग चालवण्याची मुभा कॅलिफोर्नियाने १९०७ साली दिली, १९१० मध्ये फ्रेस्नो येथे असे पहिले वर्ग सुरू झाले, आणि १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्याने विद्यापीठांची दारे निवडक विद्यार्थ्यांपुरती ठेवताना कम्युनिटी कॉलेज मात्र सर्वांसाठी खुले राहील, असे ठरवले. तरीही एका महाविद्यालयाचे विषय दुसरीकडे ग्राह्य धरले जातीलच याची खात्री नव्हती. ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारा कायदा २०१० साली झाला, आणि त्यानुसार ठरलेली ६० सत्र-युनिटे, म्हणजे अभ्यासाच्या भाराची ठरावीक मापे, पूर्ण करणाऱ्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कोणत्या तरी आवारात जागा मिळण्याची हमी मिळाली. ही हमी विद्यापीठ-समूहातील प्रवेशाची आहे, मनपसंत आवाराची नव्हे, हे आरंभीच ध्यानात घेणे हिताचे आहे.

आखणी करताना शेवटाकडून सुरुवातीकडे यावे. येथील हायस्कुलात सामाजिक शास्त्रांचा शिक्षक दहावीला जगाचा इतिहास, अकरावीला अमेरिकेचा इतिहास आणि बारावीला शासनव्यवस्था व अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून त्याला ‘सिंगल सब्जेक्ट क्रेडेन्शियल’, अर्थात एका विषयगटाचा अध्यापन-परवाना, लागतो. विषयाचे ज्ञान सिद्ध करण्यासाठी सीसेट या परीक्षेचे तीन भाग द्यावे लागतात किंवा मान्य अभ्यासक्रमाचा आधार घेता येतो, आणि त्यानंतर अध्यापन-प्रशिक्षण व प्रत्यक्ष वर्गातील सराव येतो. हे ध्येय असेल तर ट्रान्सफर पदवी बहुधा इतिहासाची घ्यावी, कारण ‘एलिमेंटरी टीचर एज्युकेशन’ ही नावाने जवळची वाटणारी पदवी प्राथमिक शिक्षकांसाठी आहे. कोणता विषय कोठे ग्राह्य आहे, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासावे आणि दर सत्रात समुपदेशकाची गाठ घ्यावी. वाटेचा नकाशा इतका सरळ आहे. मात्र या वाटेने जाण्याची इच्छा मनात कोठून येते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना याच शाळेकडे वळावे लागते.

ही माजी विद्यार्थिनी येथे शिकत होती त्या काळी ही शाळा रविवारी सकाळी एका सरकारी शाळेच्या उसन्या खोल्यांत भरत असे. भिंतीवरील तक्त्यांना हात लावायचा नाही आणि जाताना खुर्च्या होत्या तशा लावायच्या, हा पहिला नियम होता. आठवडाभर कंपनीत राबणाऱ्या बाई गाडीच्या डिकीतून गुंडाळलेला महाराष्ट्राचा नकाशा काढीत, त्याची वळलेली टोके दोन मुलांना धरायला लावीत, आणि मग सह्याद्रीच्या तपकिरी पट्ट्यावरून बोट फिरवीत एकेका घाटाचे नाव वदवून घेत. एकदा त्यांनी गृहपाठ दिला की, आजी-आजोबांना फोन करून दुष्काळाबद्दल विचारावे आणि अर्धे पान लिहून आणावे. एका मुलाच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळाची, खडी फोडण्याच्या कामाची, सुकडीची आणि अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीची हकिकत सांगितली. ते अर्धे पान वाचले गेले तेव्हा आपल्या आजोबांच्या ताटातील भाकरी आणि आपण राहतो तो देश यांच्यात धागा आहे, हे त्या वर्गाला प्रथमच उमगले. सामाजिक शास्त्रे म्हणजे हाच धागा शोधणे होय, आणि कोणत्याही विद्यापीठाने पुढे शिकवलेले सर्व काही त्या अर्ध्या पानाचा विस्तार होते.

म्हणूनच येथे जमलेल्या तरुणांपुढे एकच आग्रह ठामपणे मांडावासा वाटतो: घराजवळून सुरुवात करण्याची लाज बाळगू नये. ज्याला समाज शिकवायचा आहे त्याने आधी समाजात बसावे, आणि कम्युनिटी कॉलेजच्या एका बाकावर रात्रपाळी करून आलेला कामगार, सैन्यातून परतलेला जवान, दोन मुलांची आई आणि अठरा वर्षांचा मुलगा शेजारी शेजारी बसतात, हे दृश्य नामांकित विद्यापीठात सहसा दिसत नाही. या महाविद्यालयांची नावेही समाजाचा धडा देतात: फ्रीमाँटच्या महाविद्यालयाला ओलोनी या मूळ रहिवाशांचे नाव आहे, तर क्युपर्टिनोच्या महाविद्यालयाला १७७६ मध्ये या प्रदेशातून गेलेल्या डी अँझा या स्पॅनिश सेनाधिकाऱ्याचे. १७९७ साली स्थापन झालेले आणि ओलोनींच्या श्रमांवर उभे राहिलेले मिशन सान होजे हे स्पॅनिश धर्मप्रसार-केंद्र फ्रीमाँटमध्येच आहे. नावांच्या या दोन पाट्यांमध्ये एका वर्षाचा अभ्यासक्रम सामावलेला आहे, आणि तो वाचायला दूर जावे लागत नाही. घराजवळून सुरुवात करणे म्हणजे कमी प्रतीचे काही पत्करणे, हा समज मनातून काढून टाकावा. राज्यातील रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका सत्र-युनिटास ४६ डॉलर पडतात, आणि कर्जाचा बोजा नसलेल्या पदवीधरालाच शिक्षकाचा पगार निर्धास्तपणे स्वीकारता येतो.

पहिल्या रांगेत बसलेल्या पालकांना या संदर्भात कळकळीची विनंती आहे. मुलाने वा मुलीने इतिहासाचे नाव काढताच “लोक काय म्हणतील” हा विचार प्रथम मनात येऊ देऊ नये, कारण त्याच रांगेतील कितीतरी जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून येथवर आले आहेत आणि त्यांना घडवणारे गुरुजी कोणत्या विद्यापीठाचे होते, हे त्यांनी कधीही विचारलेले नाही. शेजारी बसलेल्या शिक्षिकांपैकी ज्यांनी रविवारची झोप सोडून वर्षानुवर्षे हा वर्ग चालवला, त्यांचे ऋण कोणत्याही मानपत्राने फिटणारे नाही. ते फेडण्याचा मार्ग एकच आहे: या सभागृहातील काही मुलांनी शिक्षक व्हावे, आणि पालकांनी त्यांच्या पाठीशी आजच, घरी पोहोचण्यापूर्वीच, उभे राहावे.